दहा लिटर समुद्र

पहिला दिवस, मुरगाव

सकाळी आठला निघायचं होतं, दुपारी सव्वातीनला निघालो. आधी कुठलासा कागद राहिला होता, मग बंदरातून जहाज बाहेर काढून देणारा पायलट दुसऱ्या जहाजावर अडकला. तोवर शेजारच्या धक्क्यावरच्या कोळशाची काळी पूड आमच्या नुकत्याच धुतलेल्या डेकवर बसली आणि सारंगांचा पारा चढला. कागदोपत्री ते बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, पण जहाजावर सगळे त्यांना सारंगच म्हणतात. मूळचे रत्नागिरीकडचे, तीस वर्षं दर्यावर. मी हातातली खोकी घेऊन धावत होते तर म्हणाले, "बाय, घाई कशाला करताव? दर्या काय पळून जात नाय."

बेत असा: मुरगावहून सरळ दक्षिणेला, विषुववृत्त ओलांडून मध्य हिंदी महासागराच्या खोऱ्यात. तिथं अठरा दिवस काम, मग मॉरिशसचं पोर्ट लुई. एकूण एकतीस दिवस. विज्ञानवाले आम्ही तेवीस, जहाजाची माणसं चाळीसच्या वर. जहाजाचं नाव लिहीत नाही, कारण पुढं एक तक्रार करायची आहे.

दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ ला सुरू झाली, ती १९६० ते ६५ च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या पोटातून. गोव्याहून अशी जहाजं कित्येक वर्षं निघतायत, त्यामुळं वास्कोत रिक्षावाल्याला "जहाजावर जायचंय" म्हटलं की तो वळूनही बघत नाही. आमच्या माण तालुक्यात मात्र अजून विचारतात, "म्हणजे नेव्हीत का?"

दुसरा दिवस

सकाळी भोंगा. सात छोटे, एक लांब. लाइफ जॅकेट चढवून मस्टर स्टेशनवर उभं राहायचं, नावं वाचली जातात. ही कवायत आहे हे माहीत असूनही पहिल्यांदा पोटात गोळा येतोच.

दुपारी चाचणीसाठी थांबलो. रोझेट म्हणजे लोखंडी सांगाड्यात गोलाकार बसवलेल्या दहा-दहा लिटरच्या चोवीस उभ्या नळ्या, मध्ये सीटीडी: खारटपणा, तापमान आणि खोली मोजणारं यंत्र. बाटल्या दोन्हीकडून उघड्या ठेवून हे सगळं वायरवरून खाली सोडतात. वर येताना हव्या त्या खोलीला थांबायचं, लॅबमधून बटण दाबायचं, एका बाटलीची झाकणं फटकन बंद होतात आणि तिथलं पाणी तिच्यात अडकतं.

जहाजावर माणसाला नाव नसतं, तो जे मोजतो ते त्याचं नाव. कुणी क्लोरोफिल, कुणी नायट्रेट, बाकीचे चिखलवाले. मी ऑक्सिजन. ऑक्सिजनला एक मान आहे. बाटलीतून पाणी काढताना पहिला नंबर त्याचा, कारण बाटली उघडली की हवा आत शिरते आणि आकडा बिघडतो. रबरी नळी काचेच्या छोट्या बाटलीच्या तळाशी टेकवायची, पाणी भरून वरून दोन-तीन बाटल्या वाहून जाऊ द्यायचं, बुडबुडा एकही नको. मग मँगनीज क्लोराइड, मग अल्कलाइन आयोडाइड, बूच, आणि उलटसुलट हलवायचं. १८८८ साली विंकलर नावाच्या हंगेरियन माणसानं काढलेली ही पद्धत. पुढं इतके सेन्सर आले, पण त्यांचा खरेखोटेपणा अजून हिच्यावरच तपासतात.

पाण्यात ऑक्सिजन असला की गडद तपकिरी साका धरतो. गोव्यासमोर पाचशे मीटरवरचं पाणी घेतलं तर साका जवळजवळ पांढरा. भाताच्या पेजेसारखा. अरबी समुद्रात साधारण दीडशे ते हजार मीटरच्या मधला थर असाच आहे. वरून मेलेलं शेवाळ पडत राहतं, ते कुजवण्यात जिवाणू सगळा ऑक्सिजन खाऊन टाकतात आणि नवं पाणी पुरेसं पोचत नाही. नवीन आलेल्या पोराला बाटली दाखवली तर तो म्हणाला, "मॅडम, रसायन घालायचं विसरलात."

तिसरा दिवस

बोट लागली. आलेपाक, कोरडी बिस्किटं, गोळी, सगळं झालं. याहून जास्त या दिवसाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

चौथा आणि पाचवा दिवस

श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्राचा पृष्ठभाग पृथ्वीच्या आदर्श आकारापेक्षा शंभरएक मीटरनं खाली आहे, कारण तिथं गुरुत्वाकर्षण कमी पडतं. त्या भागाच्या कडेनं आम्ही गेलो. डेकवरून बघायला सगळे आले आणि अर्थातच काही दिसलं नाही. दिसली ती मालवाहू जहाजांची रांग, सुएझकडून सिंगापूरकडे जाणारी. हायवे ओलांडावा तशी आम्ही ती ओलांडली.

पाचव्या दिवशी दुपारी विषुववृत्त. आदल्या रात्रीपासून काळे ढग आणि मध्येच धो धो सर. त्या पावसात वरुणदेवांचा दरबार भरला. वरुणदेव म्हणजे सारंग, डोक्यावर फरशी पुसायच्या मॉपची जटा. पहिल्यांदाच रेषा ओलांडणाऱ्या सात जणांना पीठ, हळद आणि स्वयंपाकघरातलं न सांगण्यासारखं काहीतरी फासण्यात आलं. गुन्हे वाचले गेले. नायट्रेटवाल्याचा गुन्हा, "अंघोळीला वीस मिनिटं लावतो." हा गुन्हा पुढं फार महत्त्वाचा ठरायचा होता. शेवटी नारळ समुद्रात सोडला. सारंगांनी तेवढ्यापुरती जटा काढून ठेवली.

रेषेवर स्टेशन घेताना, म्हणजे थांबून मोजमाप करताना, वायर सरळ खाली जाईना. नोव्हेंबरात इथं पूर्वेकडे वाहणारा एक जोरदार प्रवाह असतो. समुद्रशास्त्रज्ञ क्लाऊस विर्टकी यांनी १९७३ मध्ये तो दाखवून दिला, म्हणून त्याला विर्टकी जेट म्हणतात. जहाज एका जागी धरून ठेवताना कॅप्टनसाहेबांच्या कपाळावर घाम होता. पुस्तकात ही एक बारीक बाणाची खूण असते.

आठवा दिवस, साधारण १० अंश दक्षिण

पहिलं खोल स्टेशन. तळ ५,१०० मीटरवर. रोझेट खाली जायला दीड तास, थांबत थांबत वर यायला अडीच. मधल्या वेळात चहा, पत्ते, पुन्हा चहा. जहाज चालू असताना हलतं त्यापेक्षा थांबल्यावर जास्त डुलतं, हे किनाऱ्यावरच्या माणसाला पटत नाही.

रात्री अकराला रोझेट डेकवर आलं. बाटली तपासायची रीत अशी की वरचा हवेचा स्क्रू बंद असताना खालची तोटी उघडायची. पाणी येता कामा नये. एक नंबरच्या, म्हणजे तळाच्या बाटलीची तोटी मी उघडली आणि पाणी आलं. वरचा स्क्रू सैल. खाली सोडण्याआधी सगळे स्क्रू पिळायचं काम ज्या व्यक्तीकडे होतं ती मीच. चार तासांची वायर आणि तळाचं पाणी बेभरवशाचं. कुणी रागावलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

सुदैवानं दोन नंबरची बाटलीही तळाशीच बंद केली होती. आता तिच्यासमोर नऊ जण. दहा लिटर पाणी आणि नऊ भांडी. कुणाला शंभर मिली पुरतात, डीएनए गाळणाऱ्या मुलीला चार लिटर हवेत. मी माझा पहिला नंबर घेतला, नळी लावली आणि वाहून जाणाऱ्या पाण्याकडे सगळ्यांची नजर. २००३ च्या दुष्काळात आमच्या वस्तीवर टँकर यायचा तेव्हा कळशी भरून वर सांडलेल्या पाण्याकडे बाया असंच बघायच्या. मी तेव्हा शाळेत होते, आणि माझा नंबर कधीच पहिला नसायचा.

रसायनं घातली. साका धरला तो तपकिरी, चांगला दाट, चहाच्या चोथ्यासारखा. पाच किलोमीटर खाली, जिथं उजेडाचा कण नाही, तिथं गोव्यासमोरच्या पाचशे मीटरपेक्षा कितीतरी जास्त ऑक्सिजन! हे पाणी अंटार्क्टिकाजवळ गार होऊन बुडालेलं, तळातळानं उत्तरेकडे सरकत आलेलं, आणि नाइन्टी-ईस्ट रिज नावाच्या पाण्याखालच्या डोंगररांगेतल्या खिंडींमधून या खोऱ्यात शिरलेलं. पुस्तकातलं माहीत असूनही ती बाटली मी दिव्यासमोर दोनदा धरली.

अकरावा दिवस

आज चिखलवाल्यांचा दिवस. बॉक्स कोरर म्हणजे तळाचा एक चौकोनी तुकडा जसाच्या तसा कापून आणणारी पेटी. ५,२०० मीटरवरून ती वर आली तेव्हा सगळं जहाज मागच्या डेकवर. वरचं पाणी नळीनं ओढून घेतलं, आणि खाली चॉकलेटी, लोण्यासारखा मऊ चिखल, त्यात अर्धवट रुतलेले काळे खडे. बटाट्याएवढे, काही लिंबाएवढे. आमचे गोव्याचे कूक वाकून बघत म्हणाले, "बटाटेच आणायचे तर मला सांगायचं, खाली पोत्यात आहेत."

मी चिखलात बोट घातलं आणि झटकन काढलं. बर्फासारखा गार. वर हवा तीस अंश, पाठीवरून घाम वाहतोय, आणि हातात फ्रिजमधून काढल्यासारखा समुद्रतळ. तिथलं तापमान अंशभर-दीड अंश असतं हे मी दहा वेळा तक्त्यात लिहिलंय. बोटाला कळलं ते आज.

या खड्यांत मँगनीज आणि लोखंडाबरोबर निकेल, तांबं, कोबाल्ट असतं. दहा लाख वर्षांत ते काही मिलिमीटर वाढतात. २६ जानेवारी १९८१ ला 'गवेषणी' जहाजानं अरबी समुद्रातून आपल्याकडचे पहिले खडे काढले. १९८७ मध्ये या खोऱ्यातला दीड लाख चौरस किलोमीटरचा पट्टा भारताच्या नावे नोंदला गेला. अटीप्रमाणे अर्धा परत करून आता ७५,००० उरलाय. भूशास्त्रवाल्यानं एक खडा फोडला, तर मधोमध शार्कचा दात. त्या दाताभोवती थर चढत चढत खडा झालेला. दात अजून चकचकीत होता.

हे खडे उद्या यंत्रानं उचलायचे की नाही, यावर जेवताना वाद झाला. १९९७ मध्ये आपल्याच संस्थेनं इथला थोडा तळ मुद्दाम ढवळून काय होतं ते पाहिलं होतं. मला विचाराल तर जे वाढायला लाखो वर्षं लागतात ते 'उत्पादन' म्हणायला जीभ वळत नाही. चिखलवाला म्हणाला, "मग तुझ्या फोनची बॅटरी कशातून आली?" उत्तर सुचलं नाही. पापड घेतला.

चौदावा ते सतरावा दिवस

ही ती तक्रार. समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी करणारा आरओ प्लांट बंद पडला. कुठलासा पंप. बंदरात असताना तो "एकदम ओके" असल्याचा कागद होता. इंजिनीअर मंडळी खाली राबत होती, दुसरं जुनं यंत्र जेमतेम पिण्या-शिजवण्यापुरतं पाणी देत होतं. सूचना फलकावर लागलं: कपडे धुणं बंद, अंघोळ एक दिवसाआड, एक बादली. चारी बाजूंना क्षितिजापर्यंत पाणीच पाणी आणि आम्ही बादली मोजतोय.

माझं काही बिघडलं नाही. अर्ध्या बादलीत अंघोळ, त्याच पाण्यात रुमाल, उरलं ते पायावर, हे मला आईनं शिकवलेलं. नायट्रेटवाल्याचे मात्र हाल. त्याला मी तांब्याचं तंत्र समजावून सांगितलं, म्हणजे आधी अंग ओलं, मग पाणी बंद, मग साबण. तो मुंबईच्या विसाव्या मजल्यावर वाढलेला. वहीत लिहून घेतो की काय असं वाटलं.

सोळाव्या दिवशी दुपारी सर आली. कुणी घोषणा केली नाही, पण दोन मिनिटांत पुढच्या डेकवर पंधरा पुरुष साबण घेऊन हजर. आम्ही पाच जणींनी वरच्या डेकचा कोपरा धरला. डोक्याला शाम्पू लावून झाला आणि पाऊस थांबला. पुढचे दोन तास मी फेसाळ डोक्यानं टायट्रेशन केलं, म्हणजे ऑक्सिजन मोजायची शेवटची पायरी. थायोसल्फेटचा थेंब थेंब सोडत निळा रंग जायची वाट बघायची, आणि कपाळावरून ओघळ डोळ्यांत.

आईचा निरोप आला होता. इंटरनेट रोज थोडंच मिळतं, त्यात आवाजी निरोप उतरायला दहा मिनिटं. "जेवतीस का नीट? आणि तिथं पाण्याचं कसं हाय?"

एकोणिसावा दिवस

माझी पाळी रात्री बारा ते चार. लॅबमध्ये दोघं, वायर ओढणाऱ्या विंचवर एक, जहाज चालवायच्या खोलीत, म्हणजे ब्रिजवर, दोन, बाकी जहाज झोपलेलं. चार वाजता डेकवर गेले. ध्रुवतारा विषुववृत्तालाच मागं राहिला होता. आग्नेयेला क्षितिजापासून थोडा वर आडवा पडलेला त्रिशंकू, आणि दक्षिणेला चांगला उंचावर अगस्ती. आमच्या गावातून तो थंडीत क्षितिजालगत मिणमिणतो, इथं दिव्यासारखा. एका आचमनात समुद्र प्यायलेला ऋषी. आमचं त्या रात्रीचं आचमन दोनशे चाळीस लिटरचं होतं, आणि त्यावरूनही भांडण झालं होतं.

दिव्याच्या उजेडाला एक उडता मासा डेकवर येऊन पडला. पंख काचेच्या कागदासारखे. सारंग तो उचलून परत टाकतील असं वाटलं होतं. त्यांनी तो कूककडे नेला.

बाविसावा दिवस

सकाळी आर्गो फ्लोट सोडला. माणसाएवढी उंच पिवळी नळी. दोरीनं अलगद पाण्यात उतरवायची, बस्स. ती हजार मीटरवर जाऊन वाहत राहते, दर दहा दिवसांनी दोन हजारपर्यंत बुडी मारून वर येते आणि मोजमाप उपग्रहाला कळवते. जगभरच्या समुद्रांत असे चार हजारांच्या आसपास फिरतायत. चार वर्षं ती इथं एकटी काम करेल, आम्ही पाच दिवसांत निघू. थोडी लाजच वाटली.

शेवटच्या खोल रोझेटला थर्माकोलच्या कपांची जाळी बांधली. हा सगळ्या जहाजांवरचा रिवाज. खाली पाचशे पट दाब, थर्माकोलमधली हवा पिळून निघते. प्रत्येकानं कपावर काहीबाही लिहिलं. मी गावाचं नाव, आणि खाली टँकरचं चित्र. वर आला तेव्हा कप एक तृतीयांश झालेला, हाताला लाकडासारखा टणक. टँकर मुंगळ्याएवढा, पण चारी चाकं शाबूत.

सव्विसावा ते तिसावा दिवस

काम संपलं, जहाज नैऋत्येला धावतंय. भारत आणि मॉरिशसच्या वेळेत दीड तासाचा फरक, म्हणून तीन रात्री घड्याळं अर्धा-अर्धा तास मागं. ज्याच्या पाळीत तो अर्धा तास येतो तो चिडतो, बाकीचे झोपतात.

मेथी पाचव्या दिवशी संपली होती. कूकनी वर्तमानपत्रात गुंडाळून जपलेली कोथिंबीर बाराव्यापर्यंत टिकली. आता कोबी. कोबीची भाजी, कोशिंबीर, भजी, आणि एकदा कोबी घातलेला पुलाव, ज्याला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यात कोबी दिसत नव्हता. आज वार कोणता हे कुणालाच सांगता येत नाही. बिर्याणी असली की रविवार. आरओ प्लांट दुरुस्त झाला म्हणतात, पण नळाला करंगळीएवढी धार. कपड्यांच्या पिशवीकडे मी बघणं सोडलंय.

एकतिसावा दिवस, पोर्ट लुई

जमीन दिसायच्या आधी तिचा वास आला. ओल्या गवताचा, थोडा धुराचा. मग ढगांत अडकलेले निळे सुळके. धक्क्यावर पाय ठेवला आणि जमीनच डोलायला लागली.

नमुन्यांच्या खोक्यांवर सही घ्यायला एजंटचा माणूस आला होता. माझं आडनाव वाचून क्रिओलमध्ये काहीतरी म्हणाला, मग इंग्रजीत, की त्याची आजीही मराठी. एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर आलेल्यांत कोकणातली पुष्कळ कुटुंबं होती. इथं गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. मराठी त्याला येत नव्हती, पण आरती येत होती. 'सुखकर्ता'ची पहिली ओळ त्यानं म्हणून दाखवली आणि पावतीवर शिक्का मारला.

जेट्टीवरून गोड्या पाण्याचा जाड पाइप जहाजाला जोडला. खालून इंजिनीअरनं ओरडून सांगितलं की आता कपडे धुवायला हरकत नाही. मी बादली घेऊन पोचेपर्यंत धुलाईखोलीच्या दारात आठ जण उभे. नायट्रेट, क्लोरोफिल, डीएनए, दोन चिखलवाले. सगळ्यात पुढं सारंग, खांद्यावर वरुणदेवाच्या पोशाखाची चादर. मी शेवटी उभी राहिले. त्यांनी मान वळवून माझी बादली बघितली, मग रांगेकडे.

"सरका रे," म्हणाले. "ऑक्सिजन पहिला."